सौ वाली

आमच्या आईला गेली आठ वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे, २५ मायक्रोग्रॅमची. लष्करमध्ये राहत होतो तेव्हा कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आई दिसली की न विचारता बाटली काढून ठेवायचा. आम्ही सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि हे काम माझ्याकडे आलं.

मार्चमध्ये ऑफिसातून येताना एका दुकानात शिरलो. चिठ्ठी जवळ नव्हती. गोळीचं नाव सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "कितने वाली?" घरी १०० गोळ्यांची बाटली येते, म्हणून मी म्हणालो, "सौ वाली." तो विचारत होता मात्रा, मी सांगत होतो संख्या. आईच्या चौपट ताकदीची गोळी घेऊन मी घरी आलो.

एप्रिलच्या मध्यावर आई रात्री दोन वाजता गॅलरीत बसलेली दिसू लागली. पोळ्या लाटताना तिचे हात थरथरायचे. आम्ही ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याला दोष दिला. छातीत धडधड सुरू झाली तेव्हा डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी ईसीजी काढला आणि चालू असलेली सगळी औषधं मागवली. मग बाटली फिरवून लेबल माझ्यासमोर धरलं. रक्त तपासलं तर टीएसएच जवळजवळ शून्य! हा आकडा फार खाली गेला, म्हणजे शरीरात हार्मोन जास्त झालं. उतारवयात त्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात.

हे औषध सावकाश चढतं आणि सावकाशच उतरतं. गोळी थांबवल्यावर आठवड्यानेही त्यातलं साधारण निम्मं शरीरात असतं. म्हणून चूक लगेच कळत नाही आणि कळल्यावर लगेच निस्तरतही नाही. डॉक्टरांनी काही दिवस गोळी बंद ठेवली, मग पुन्हा २५ सुरू केली आणि सहा आठवड्यांनी तपासणी केली. आता आई बरी आहे. मी विचारलं, "तू लेबल कसं नाही पाहिलंस?" ती म्हणाली, "तू आणलीस ना, मग काय बघायचं?"

ऑफिसात कोणी आकड्यापुढे एकक लिहिलं नाही, तर मी त्याचं काम परत पाठवतो. घरी मात्र मीच तेवढं पाहिलं नाही.

चूक नेहमी आपलीच असते असंही नाही. २०२३ साली ॲबट कंपनीने थायरोनॉर्म गोळ्यांची एक बॅच परत मागवली होती, कारण लेबलवर मात्रा चुकीची पडली होती. ती बॅच तेलंगणात आणि आपल्या मध्य प्रदेशात आली होती. म्हणून नवी बाटली उघडली की लेबल चिठ्ठीशी ताडून पाहावं आणि गोळीचा रंग किंवा आकार वेगळा वाटला तर आधी विचारावं. एक कंपनी मानवली असेल तर डॉक्टरांना न सांगता दुसरी घेऊ नये.

बाकी नियम सोपे आहेत. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा आणि नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी, नाहीतर ती थायरॉइडची गोळी शरीरात नीट शोषू देत नाही. एकादशीलाही गोळी चुकवायची नाही. बाटली गॅसच्या ओट्याजवळ किंवा उन्हात ठेवायची नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू नये. बहुधा तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. वजन उतरवायला तर ही गोळी मुळीच घेऊ नये. आणि आपल्या पिढीतल्या मुलींसाठी: गोळी चालू असताना दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगा, कारण तेव्हा बहुतेकदा मात्रा वाढवावी लागते.

आपल्यापैकी बरेच जण आता आईवडिलांची औषधं आणतो. आज घरी गेलात की त्यांची बाटली हातात घ्या, चिठ्ठी शेजारी ठेवा आणि दोन्हीकडचा आकडा एककासकट मोठ्याने वाचा. आमच्याकडे आता आई वाचते आणि मी ताडून पाहतो.