आधी चाचणी, मग प्रशिक्षण

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नवे रुग्णालय म्हटले की अग्निसुरक्षा, संसर्गनियंत्रण, माहितीची गोपनीयता हे तेच धडे पुन्हा गिरवणे आलेच. मूलभूत कौशल्यांच्या आराखड्यात असे ११ विषय आहेत. पदवीनंतरची पहिली दोन वर्षे तरुण डॉक्टर साधारणतः दर चार महिन्यांनी विभाग बदलतो, अनेकदा रुग्णालयही. २०२५ मध्ये इंग्लंडमधील रुग्णालयांनी एकमेकांच्या प्रशिक्षणाची नोंद ग्राह्य धरण्याचे ठरवले. त्याने बदलीमुळे होणारी पुनरावृत्ती टळेल. मुदत संपल्यावरची नव्हे.

तिथे पूर्वचाचणी उपयोगी पडते. आधी प्रश्न सोडवावेत. जो उत्तीर्ण होईल त्याची नोंद करून त्याला वॉर्डात पाठवावे, अडखळेल त्यानेच धडा वाचावा. मात्र प्रश्नसंच दरवर्षी तोच राहिला तर उत्तरेच तोंडपाठ होतील आणि व्यवस्थापनाच्या तक्त्यात तेवढे शंभर टक्के दिसतील. (तक्त्यांची ही हौस केवळ ब्रिटनची नव्हे!) शिवाय सर्वच विषय एका मापाने मोजता येत नाहीत. सीपीआरमध्ये छातीवर दाब देण्याचे कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते. पडद्यावरची अचूक उत्तरे तिथे कामाची नाहीत. वाचलेले तास पुतळ्यावरील सरावाला दिले जाणार की मनुष्यबळाच्या टंचाईत जिरणार, हे अजून ठरायचे आहे.