आधी सावली, मग उपदेश

30 एप्रिल 1936 रोजी, ऐन वैदर्भीय उन्हाळ्यात, गांधीजी वर्ध्यातल्या मगनवाडीहून पायी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. आज आम्ही वर्धेकर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढतो. याला नुसता आळस म्हणून भागणार नाही. रामनगरातून मी पिशवी घेऊन बजाज चौकाकडे निघते, तेव्हा फुटपाथवर दुचाक्या उभ्या असतात आणि डोक्यावर मे महिन्याचं 45 अंशांचं ऊन. 2020 मध्ये सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं रुंदीकरणासाठी तोडली जाऊ लागली, तेव्हा ती वाचवायला नागरिक रस्त्यावर उतरले. तोच आग्रह गल्लीबोळांसाठीही हवा. नगर परिषदेनं कडुनिंब लावावेत, फुटपाथ मोकळे करावेत. मग किलोमीटरभराच्या कामासाठी आपणही पेट्रोल जाळू नये.