बसस्टँडच्या पलीकडचे अहमदनगर

मे महिना लागला की आपल्या पुण्यातल्या मोहल्ल्यांतून दोन प्रकारच्या गाड्या सुटतात. एक अजमेरला किंवा हाजी मलंगला, ज़ियारतीसाठी. दुसरी महाबळेश्वरला नाहीतर एखाद्या वॉटर पार्कला, मौजेसाठी. दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही, दोन्ही गाड्यांत मी बसलेलो आहे. पण नुसता एखादा किल्ला, एखादी जुनी इमारत किंवा उजाड झालेली बाग बघायला निघालेले आपल्यातले कुटुंब मला फार क्वचित दिसते.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या इंग्लंडमध्ये नोकरी करतो. सुट्टी मिळाली की बायको-मुलांना घेऊन तिथली कॅथेड्रल, किल्ले, बागा पाहत फिरतो आणि आम्हाला फोटो पाठवतो. मी त्याला विचारले, बाबा, आपले अहमदनगर पाहिलेस का? तो म्हणाला, "सर, बसस्टँड पाहिलाय."

त्याच्या फोटोंतला एक माझ्या डोक्यातून जात नाही. ईली नावाच्या गावचे कॅथेड्रल आहे. तिथल्या एका प्रार्थनागृहाच्या भिंतीवर शेकडो छोट्या मूर्ती कोरलेल्या आहेत आणि त्यांची मुंडकी उडवलेली आहेत. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत ख्रिस्ती लोकांनीच ती फोडली. आठव्या हेन्री राजाने १५३६ ते १५४० या काळात मठ बंद पाडले, कँटरबरीच्या संत थॉमस बेकेटची समाधी १५३८ मध्ये उद्ध्वस्त केली. पुढे तिथल्या यादवीत कॉर्फसारखे किल्ले सुरुंग लावून पाडले गेले. आज लोक तिकीट काढून हे सगळे बघतात. कोणी मोडले, का मोडले हे ऐकतात, आणि बाहेर येऊन चहा पितात. त्या मोडतोडीचा हिशेब कोणी शेजाऱ्याकडून मागत नाही. अर्थात तिथेही हे शहाणपण एका दिवसात आलेले नाही, त्याआधी त्यांनी एकमेकांना जाळून झाले होते.

आता आपल्याकडे येऊ. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. सकाळी निघून रात्री घरी जेवायला परत येता येते. मलिक अहमद निजामशहाने १४९४ मध्ये हे शहर वसवले. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घरातला, असे फेरिश्ताने लिहून ठेवले आहे, आणि फेरिश्ता स्वतः याच दरबारात वावरलेला माणूस. शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी यांची नावे इथल्या शाह शरीफ पीराच्या नावावरून ठेवली गेली, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत हे दोघे भाऊ मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि शरीफजी तिथेच पडले. भातवडी नगरपासून हाकेच्या अंतरावर आहे. वर्गात हे सांगितले की मुले एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटत असते की तेव्हा इकडे एक संघ होता आणि तिकडे दुसरा, जसे क्रिकेटमध्ये असतात.

शहराबाहेर फराहबाग आहे. एका मोठ्या तलावाच्या मधोमध उभा केलेला अष्टकोनी महाल, १५८३ मध्ये पुरा झालेला. आता तलाव कोरडा आहे. आपण चालत जातो ती जमीन तळ्याचा तळ आहे, हे मुलांना सांगावे लागते. सांगितल्यावर मात्र ती खाली वाकून माती बघतात. पुढे डोंगरावर जी इमारत दिसते तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. तो निजामशाहीचा वजीर सलाबतखान याचा मकबरा आहे. पण चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मुघल फौजेसमोर किल्ला लढवला, त्यामुळे लोकांनी शहरातली सर्वांत उंच जागा तिला देऊन टाकली. इतिहासाच्या पेपरात याला शून्य गुण, पण मला लोकांची ही चूक आवडते.

किल्ल्यासमोर दमडी मशीद आहे. लहान, पण दगडावरचे कोरीव काम असे की हात लावून बघावासा वाटतो. किल्ला बांधणाऱ्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी काढून ती उभारली, अशी कथा सांगतात.

आणि किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला इंग्रजांनी इथे डांबले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिले, हे सगळ्यांना माहीत असते. मौलाना आज़ादांनी 'गुबार-ए-खातिर'ची पत्रे याच भिंतींआड लिहिली, हे आपल्या उर्दू शाळांतल्या मुलांनाही सांगावे लागते. धाडता न येणारी पत्रे होती ती. त्यांत चहा आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत, तुरुंगाच्या ओसाड अंगणात कैद्यांनी फुलवलेले वाफे आहेत. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी ज़ुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. मौलानांनी सरकारकडे सुटकेचा अर्ज केला नव्हता. हे पुस्तक मी वर्गात शिकवतो ते वेगळे आणि त्या अंगणात उभे राहून सांगितले तर वेगळे. बी.एड.ला आम्हाला 'सहल हे अध्ययनाचे साधन' असा पाठ होता, दहा गुणांचा. त्याचा अर्थ मला नोकरी लागल्यावर कळला.

यावर आपल्यातले काही लोक म्हणतात, मकबरे काय बघायचे, नमाज़-रोज़ा सांभाळा. त्यांना माझे उत्तर एवढेच की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन एकदा नाही, अनेकदा सांगते. कोरडा पडलेला फराहबागेचा तलाव याच्यासाठी पुरेसा आहे.

दुसऱ्या टोकाला अभिमानवाले आहेत. "बघ बेटा, ही आपली बादशाही होती." हे वाक्य मला जास्त धोक्याचे वाटते. आपले आजोबा-पणजोबा मोमीन, अत्तार, बागवान, पिंजारी, तांबोळी होते. निजामशहाच्या तख्ताशी त्यांचा संबंध होता तो पखालीने पाणी भरण्याचा किंवा दगड वाहण्याचा. जी बादशाही आपली नव्हतीच तिचा तोरा मुलाला शिकवला, की तिच्या जुलमांचा जाब देण्याचे ओझेही त्याच्याच पाठीवर येते, आणि बाहेर ते लादायला लोक टपलेलेच आहेत. बीबी का मकबऱ्याच्या दारावर कारागीर म्हणून अताउल्लाबरोबर हंसपत राय हे नाव आहे. मुलाला दाखवायचे तर ते दाखवा.

मात्र सगळ्यांत खरी अडचण वेगळीच आहे. शिवनेरीची सहल काढू म्हटले की पालक दबक्या आवाजात विचारतात, "सर, तिकडे नको, काही झालं तर?" गेल्या काही वर्षांत किल्ले आणि कबरी यांवरून जे घडले ते पाहता ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात शिवनेरी आहे, आणि त्या शिवनेरीवर शिवाई देवीचे मंदिर आहे तशी कमानी मशीदही आहे. आपली मुले तिथे पाऊलच टाकणार नसतील, तर ते त्यांना कोण सांगणार? मुले घरी राहिली तर भीती कमी होत नाही, फक्त गडावर त्यांना कधी न पाहिलेली माणसे वाढतात.

भाषेचा शिक्षक म्हणून माझा एक स्वार्थ यात आहे. किल्ला, बुरूज, दरवाजा, हौद, बाग, बालेकिल्ला, महिरप, हवालदार. गडावर जा, ही यादी संपत नाही. फारसी-अरबीतून आलेले शब्द मराठीने इतके आपले केले की बाहेरून आल्याची खूणही उरली नाही. उर्दू माध्यमातली मुलगी पन्हाळ्याच्या तीन दरवाजावरच्या फारसी लेखाची अक्षरे लावू शकते. तिच्या मराठी माध्यमातल्या मैत्रिणीला ती येत नाहीत. दोघी बरोबर गेल्या तर एकीने वाचावे आणि दुसरीने वहीत देवनागरीत उतरवावे. आमच्या विभागाच्या बैठकीत मी हे मांडले तेव्हा खर्चाचा प्रश्न आला. वॉटर पार्कच्या तिकिटापेक्षा हे स्वस्त पडते, हे मी आकडेमोड करून दाखवले.

जाणारच असाल तर एवढे लक्षात ठेवा. नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. आधी किल्ला आणि दमडी मशीद करा, नंतर फराहबाग. डोंगरावर संध्याकाळी जा. पाणी आणि मुलांसाठी टोप्या घ्या, आणि आवारात पडलेल्या पाण्याच्या बाटल्या दिसल्या तर परत येताना दोन-चार उचलून आणा.