आपला 'घाशीराम' बर्लिनने सांभाळला

मंडळी, आज जरा वेगळा विषय. पाणीपुरवठ्याची पोस्ट उद्या टाकतो, विसरलेलो नाही.

परवा रात्री माझ्या घरी आम्ही सात जणांनी 'घाशीराम कोतवाल' पाहिला. नाटक नव्हे, सिनेमा. असा सिनेमा आहे हेच सातातल्या पाच जणांना माहीत नव्हतं, आणि त्यातले दोघे हौशी रंगभूमीवर पंधरा-पंधरा वर्षं घासलेले. एका मित्राचा मुलगा जर्मनीत शिकतो, त्याने सुट्टीला येताना डीव्हीडी आणली. डिस्क आली, पण लावायची कशावर? प्लेअर शोधण्यात दोन दिवस गेले. शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या आपल्या एका दोस्ताच्या माळ्यावर सापडला. रिमोट हरवलेला, पण चालतोय.

हा सिनेमा १९७६ चा. म्हणजे ऐन आणीबाणीतला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली आणि सगळ्यांनी मिळून तो केला. दिग्दर्शक चार : मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. कॅमेऱ्यामागेही एकापेक्षा जास्त माणसं. साखर कारखाना आणि दूध संघ सहकारातून चालवणाऱ्या महाराष्ट्रात सिनेमाही सहकारातून निघाला होता, ही गोष्ट आपल्या एकाही सहकारमहर्षीच्या भाषणात मी ऐकलेली नाही. पटकथा खुद्द तेंडुलकरांची. नाटकातले नाना म्हणजे मोहन आगाशे, सिनेमातही तेच. आणि घाशीराम कोण? ओम पुरी. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी हा एक, तोही मराठी!

सोपा सिनेमा नाही हे आधीच सांगतो. आमच्यातला एक जण अर्ध्यावर चहा करायला उठला तो बराच वेळ आलाच नाही. नाटकातली ती माणसांची भिंत, तो ठेका डोक्यात ठेवून बसलात तर चुकाल. कॅमेरा लांबच लांब शॉट घेत फिरत राहतो, कट कधी येतोय याची वाट बघत आपण अस्वस्थ होतो. पण सत्तेला घाशीराम का लागतो आणि काम झाल्यावर तो कसा फेकला जातो, हे आणीबाणीच्या वर्षात ही तरुण पोरं इतकं थंडपणे सांगत होती, हे बघून मी तरी गप्प झालो. आपल्या तालुक्यातले दोन-तीन चेहरे डोळ्यासमोर आले. नावं तुम्हीच घाला.

आता मुद्द्याचं. ही डीव्हीडी काढली कुणी? बर्लिनच्या 'आर्सेनल' या संस्थेने. त्यांच्या संग्रहात या सिनेमाची प्रिंट राहिली होती. त्यांनी ती नीट केली, डिजिटल केली, २०१४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवली आणि डिस्कही काढली. विषय पुण्याचा, भाषा मराठी, नाटक पहिल्यांदा १९७२ मध्ये पुण्यातच उभं राहिलेलं, करणारी पोरं पुण्यात शिकलेली. आणि सांभाळलं कुणी? ज्यांना 'शनिवारवाडा' हा शब्द धड उच्चारता येणार नाही त्यांनी. त्यांचे आभार मानायचे की आपली लाज वाटून घ्यायची? मी दोन्ही केलं.

कुणी म्हणेल, चालला नसेल सिनेमा, त्यात एवढं काय? हेच तर सांगतोय. असे सिनेमे गावोगावच्या टॉकीजपर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्यासाठी कॅसेट किंवा डिस्क हेच प्रदर्शन असतं. याच कमल स्वरूपांचा 'ओम दर-ब-दर' बघा. केला १९८८ ला, पैसा सरकारी महामंडळाचा, आणि थिएटरात लागला जानेवारी २०१४ मध्ये. मधली पंचवीसेक वर्षं तो जगला कशावर? या हातातून त्या हातात गेलेल्या कॉप्यांवर. कायद्याने चोरीच ती. पण त्या चोरांनी सिनेमा जिवंत ठेवला.

आपल्याकडेही एक काळ होता. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली तेव्हा एसटी स्टँडसमोर, भाजीच्या हातगाड्यांशेजारी सिनेमे विकले जायचे. तमाशापट, दादा कोंडके, कीर्तनं, सगळं. त्या ढिगात 'घाशीराम' मात्र मी कधी पाहिला नाही. आज तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

"ओटीटीवर येईल की!" येईलही. पण ओटीटीवरचा सिनेमा आपला नसतो. कंपनीचा करार संपला की एका रात्रीत गायब, आणि आपण विचारायचं कुणाला? डिस्क कपाटात राहते, शेजाऱ्याला देता येते. अर्थात आपल्या हवेत डिस्कलाही बुरशी धरते. प्रिंटचं तर विचारूच नका. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुनी नायट्रेट रिळं आगीत गेली ती कायमची. म्हणून एका ठिकाणी एक प्रत ठेवून भागत नाही. मूळ नीट जपलेलं असावं आणि प्रती दहा ठिकाणी पसरलेल्या असाव्यात.

आणि हे कुणी फुकट करावं असंही मी म्हणत नाही. १९५४ च्या कायद्याने छापलेलं प्रत्येक पुस्तक ठरलेल्या सरकारी ग्रंथालयांना पाठवावं लागतं. पुढे त्यात वर्तमानपत्रंही आली. चार पानी साप्ताहिक काढणाऱ्यालाही तो नियम आहे. सिनेमाला त्या कायद्यात जागा नाही. मराठी चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देतं, म्हणजे आपल्या खिशातून. मग अनुदानाचा शेवटचा हप्ता देताना एक उत्तम डिजिटल प्रत सरकारकडे जमा करून घ्या, आणि दहा-पंधरा वर्षांनी, निर्मात्याला त्यातून काही मिळेनासं झाल्यावर, ती तालुक्याच्या 'अ' वर्ग वाचनालयात बसून बघायला मिळू द्या. एका सत्कार समारंभाच्या मंडपात जेवढा खर्च होतो तेवढ्यात कितीतरी वाचनालयांची सोय होईल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या चौकातही फटाके वाजले होते. त्या अभिजात भाषेत एक सिनेमाही बोलतो, त्याचं काय?

हे मला इतकं का लागलं तेही सांगतो. आपल्याच तालुक्यातल्या चार पोरांनी तीन वर्षांपूर्वी मोबाईलवर सव्वा तासाचा सिनेमा केला होता. ऊसतोड टोळीसोबत दोन महिने राहून, वर्गणी काढून. गोष्ट अशी नाहीच त्यात, नुसती माणसं, कोयते आणि पहाटेचं धुकं. दोन-तीन महोत्सवांनी परत पाठवला. मी पाहिलाय, मधला अर्धा तास फार चांगला आहे. गेल्या महिन्यात विचारलं, पुन्हा दाखवा की. तर हार्डडिस्क पडली म्हणाले. दुसरी कॉपी? कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये असेल, पण तो फोन विकला. ज्या काकूंवर त्यात दहा मिनिटं आहेत त्या यंदा वारल्या. त्यांच्या मुलाला आईचा चालता-बोलता दुसरा एकही व्हिडिओ सापडलेला नाही.

कुणाकडे व्हॉट्सॲपवर आलेला एखादा तुकडा असेल तर कृपया मला पाठवा, कितीही फुटका असला तरी चालेल. आणि 'घाशीराम'ची डिस्क माझ्याकडे आहे. बघायची असेल तर घरी या. पण या आठवड्यातच, कारण प्लेअर रविवारी परत द्यायचाय.