फुकट खेळाची किंमत

सिन्नरचे आमदार व तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेच्या सभागृहात मोबाइलवर पत्ते खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत जुलै २०२५ मध्ये राज्यभर गाजली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेली जाहिरात बंद करीत होतो, असा खुलासा त्यांनी केला. त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले. खुलासा खरा मानला तरी एक प्रश्न उरतो. जी जाहिरात मंत्र्याला सभागृहात गाठते, ती सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराला आणि निफाडच्या कांदा उत्पादकाच्या मुलाला किती सहज गाठत असेल? चर्चा व्यक्तीभोवती फिरत राहिली; धंद्याकडे कोणी पाहिले नाही.

या धंद्यातील सर्वांत मोठे नाव ड्रीम इलेव्हन. हर्ष जैन व भावित शेठ यांनी ही कंपनी २००८ साली मुंबईत काढली. क्रिकेटचा काल्पनिक संघ निवडण्याचा हा खेळ आरंभी फुकट होता आणि जाहिरातींच्या उत्पन्नावर चालावा अशी अपेक्षा होती. ती फळली नाही. २०१२ च्या सुमारास फुकट खेळाच्या जोडीला प्रवेशशुल्काच्या स्पर्धा आल्या आणि कंपनीचे भाग्य पालटले. २०१७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हा खेळ कौशल्याचा ठरवला. २०१९ मध्ये कंपनीचे मूल्य १०० कोटी डॉलरवर गेले. २०२० च्या आयपीएलचे नाव तिने २२२ कोटींना घेतले आणि २०२३ मध्ये भारतीय संघाच्या छातीवर तिचे नाव झळकले.

न्यायालयाने कौशल्य पाहिले. अर्थशास्त्राने हिशेब पाहिला पाहिजे. समजा, शंभर जणांनी प्रत्येकी ५० रुपये भरले व कंपनीने शेकडा १५ कापून घेतले. ५,००० रुपयांपैकी खेळाडूंकडे ४,२५० परततात. म्हणजे शंभर जण मिळून ७५० रुपयांनी हरतात, मग त्यांतील कोणी कितीही कुशल असो. कौशल्याने फक्त हरणारा कोण एवढेच ठरते. मटक्याच्या आकड्यावर पगार लावणाऱ्या गिरणी कामगाराचा हिशेब याहून फार निराळा नव्हता.

शासनाची भूमिका तर अधिकच विचार करण्याजोगी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर बसला, म्हणजे शासन या व्यवहारातील भागीदार झाले. दोन वर्षांच्या आत त्याच शासनाने सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २०,००० कोटी रुपये गमावतात असा अंदाज मांडला आणि पैशांच्या खेळांवर बंदी घालणारे विधेयक २० व २१ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही सभागृहांत गोंधळातच संमत करून घेतले. बंदी स्वागतार्ह आहे. परंतु ज्यांची घरे बुडाली त्यांच्या कर्जाचे काय आणि या कंपन्यांतून ज्यांची नोकरी गेली त्यांचे काय, याची चर्चा संसदेत झाली नाही.

कायद्यानंतर ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या व खेळ पुन्हा फुकट केला. वर्तुळ पूर्ण झाले. म्हणूनच सावध राहिले पाहिजे. सार्वजनिक मैदान फुकट असते तेव्हा त्याचा खर्च समाज उघडपणे सोसतो. कंपनीचा खेळ फुकट असतो तेव्हा खेळणाऱ्याचा वेळ आणि त्याचे लक्ष जाहिरातदाराला विकले जाते. नफ्याची अपेक्षा धरून आलेले भांडवल फार काळ फुकट खेळवीत नाही, हे याच कंपनीच्या इतिहासाने एकदा दाखवले आहे.

ज्या तरुणाला स्थिर काम नाही, शेतमालाला भाव नाही, त्याला आशा विकणे सोपे असते. कायद्याने पणाला लावायचा पैसा अडवला. रिकामा हात आणि रिकामा वेळ तसाच राहिला. तेव्हा नाशिकच्या कामगार वस्त्यांत जाणाऱ्या कार्यकर्त्याने जुगाराच्या नीतिमत्तेवर प्रवचन देऊ नये. त्या घरावरील कर्जाचा हिशेब त्याने सोबत बसून मांडावा आणि कायम रोजगाराची मागणी तेथूनच उभी करावी.