अग्निगोल नेमका कुठे पडतो?

शुक्राहूनही तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. असा अग्निगोल दिसला की तो टेकडीमागे किंवा पलीकडच्या शिवारातच पडला, असे पाहणारे छातीठोकपणे सांगतात. त्यावर अशी साक्ष मुळातच निरुपयोगी, असा शेरा मारून काहीजण मोकळे होतात. ही दोन्ही मते टिकणारी नाहीत.

ज्यातून अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचणारा दगड, शिल्लक राहतो, असा अग्निगोलही सहसा वीस-तीस किलोमीटर उंचीवरच विझतो आणि दगडाचा पुढचा प्रवास न दिसताच होतो. तीस किलोमीटर उंचीवरचा अग्निगोल क्षितिजापासून १० अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर विझताना दिसला, तर तो दीडशे किलोमीटरांच्या आसपास दूर असतो. इतक्या अंतराचा अंदाज डोळ्यांना येत नाही, म्हणून मन त्या उजेडाला ओळखीच्या टेकडीमागे नेऊन ठेवते.

धूम्ररेषेविषयीचा गैरसमज याहून घट्ट आहे. वळणावळणांची रेषा पाहून उल्काच नागमोडी गेली असे मानले जाते. परंतु तो जळणाचा धूर नव्हे, तर वितळून वाफ झालेल्या दगडाची बारीक धूळ असते, आरंभी ती जवळपास सरळच असते आणि निरनिराळ्या उंचीवरचे वारे निरनिराळ्या दिशांना वाहत असल्याने काही मिनिटांत तिला पीळ पडतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क परिसरात दिसलेली रेषा दुहेरी होती, पण दगड एकच, सुमारे २० मीटर व्यासाचा होता. तापलेली धूळ वर चढताना दोन भोवऱ्यांत दुभंगली होती. रेषा दिसली म्हणजे सारे संपले, हा समज तर घातकच, कारण आघात-लहर त्या शहरात दोन मिनिटांहून अधिक काळाने पोहोचली आणि त्या दिवशी जखमी झालेल्या सुमारे दीड हजार लोकांपैकी बहुतेकांना फुटलेल्या काचा लागल्या.

तरीही अंतर चुकले म्हणून दिशा चुकतेच असे नाही. दोन दूरच्या गावांतून सांगितलेल्या दिशा आणि कोन जुळवले की अग्निगोलाचा मार्ग काढता येतो. किती वेळ दिसला, हेही मोलाचे: २ एप्रिल २०२२ रोजी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे उल्केच्या मानाने संथपणे सरकत गेले, ते रॉकेटचे अवशेष होते आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरीत धातूचे मोठे कडे सापडले.

म्हणून साक्षीदाराला ‘किती लांब पडला?’ असे विचारू नये. तो उभा होता त्याच जागी त्याला पुन्हा उभे करून, उजेड कोणत्या झाडावर किंवा छपरावर विझला, ते बोटाने दाखवायला सांगावे.