साठी उलटली म्हणजे बाद?



गावात फिरून पाहा. पुष्कळ घरांत सातबारा अजून म्हाताऱ्याच्या नाहीतर म्हातारीच्या नावावर आहे. आणि संगणक शिकवायची वेळ आली तेव्हा सरकारने वगळले कोणाला? त्यांनाच!

२०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आले. उद्दिष्ट ६ कोटी लोकांचे, शिकवणी २० तासांची, घरटी एकच माणूस आणि वय १४ ते ६०. एकसष्टावे लागले की माणूस बाद. मार्च २०२४ अखेर ते अभियानही संपले.

कामे मात्र संपली नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी. पीएम किसानच्या हप्त्याला ई-केवायसी. अवजारांचा अर्ज महाडीबीटीवर. यातून साठीच्या माणसाला सूट नाही. सूट फक्त शिकवण्यातून!

'पोरगा करून देईल' म्हणतात. पोरगा पुण्याला कंपनीत. मग आधार, पासबुक, ओटीपी सगळे परक्याच्या हाती. माझ्या माहितीतल्या एका आजोबांची मोसंबीची बाग कापूस म्हणून नोंदली गेली. भरणाऱ्याने विचारलेच नाही. दुरुस्तीचे ४८ तास उलटल्यावर आजोबांना कळले.

वारणेचा धडा आठवा. १९९८ साली वारणानगर भागातल्या ७० गावांसाठी संगणकांची योजना आली. देशभर गाजावाजा झाला. पण संगणकापुढे बसला ऑपरेटर, शेतकरी टेबलाच्या अलीकडेच. वापर मुख्यतः उसाचे वजन, खत आणि बिलापुरता. पुढे काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले आणि भागले. यंत्र गावात आले, विद्या आली नाही.

चूक माझीही झाली. कृषी पदवीधर ना! पहिल्या वर्गात मी फळ्यावर सीपीयू, मॉनिटर काढले. दुसऱ्या दिवशी चौघेच आले. मग घरचा संगणक ओसरीवर आणला, अक्षरे मोठी केली आणि ज्याचा त्याचा सातबारा महाभूलेखवर उघडायला लावला. माउस त्यांच्या हातात, माझे हात पाठीमागे. आठ दिवसांत एका आजीने फेडलेल्या कर्जाचा बोजा आपल्या उताऱ्यावर तसाच असल्याचे स्वतः शोधले आणि थेट तलाठ्याला गाठले. नांगर धरलेल्या हाताला माउस जड नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडत आहे :

१) यापुढे कोणत्याही शिकवणीत साठीची अट नको.

२) ग्रामपंचायतीचा संगणक आठवड्यातून दोन संध्याकाळी वडीलधाऱ्यांसाठी खुला हवा.

३) तिसरा ठराव आपल्यासाठी. प्रत्येक शिकलेल्या कार्यकर्त्याने पाच वडीलधाऱ्यांना त्यांच्याच उताऱ्यावर शिकवावे. पासवर्ड त्यांनी स्वतः टाकावा, ओटीपी कोणालाही सांगू नये.

अंगठ्यावरून सहीवर यायला आपल्या दोन पिढ्या गेल्या. आता सहीवरून पुन्हा अंगठ्यावर जायचे नाही.